श्रीदत्तप्रभूंचे श्वान आणि साखळीचे दुसरे टोक

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, उत्सवात आपण ज्या रूपापुढे हात जोडून उभे राहतो ते क्षणभर डोळ्यांपुढे आणा. तीन शिरे, सहा हात, वर औदुंबर, मागे गाय आणि पायाशी चार कुत्री. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार श्वान म्हणजे चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला वयाची साठी उलटावी लागली. आमच्या देवघरातल्या तसबिरीत त्या चौघांपैकी एकाच्याही गळ्यात साखळी नाही.

हे मला दिसलं ते एका वादामुळे. गुरुवारी आरतीनंतर आम्ही निवृत्त मंडळी सभामंडपात थोडा वेळ बसतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवलं की पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ अशा २३ जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास यांना परवानगी देऊ नये, आणि घरोघरी आहेत त्यांची नसबंदी करावी. एक जण म्हणाले, "बरं झालं, ही जातच वाईट." दुसरे म्हणाले, "अहो, महाराजांच्या पायाशी कुत्री बसतात, आणि तुम्ही त्यांना वाईट म्हणता?" मी गप्प बसलो होतो. गप्प बसायला कारण होतं. त्या २३ पैकी एका जातीचा कुत्रा माझ्याच दाराशी बांधलेला होता.

धाकट्याने तो लॉकडाऊनमध्ये आणला. रॉटवायलरचं पिल्लू, काळंभोर, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके. नाव ठेवलं शेरू. वर्ष-दीड वर्ष मुलगा घरून काम करत होता तोवर सगळं ठीक चाललं. मग त्याला हैदराबादला बोलावलं आणि शेरू आमच्याकडे राहिला. पंचेचाळीस किलोचा कुत्रा, आणि मी गुडघेदुखीचा माणूस. फिरवणं बंद झालं. आल्यागेल्याची भीती नको म्हणून मागच्या अंगणात चार फुटांच्या साखळीने बांधला. दोन वेळचं अन्न मिळत होतं, त्यामुळे आपण सांभाळतो आहोत असं माझ्या मनाला वाटत राहिलं. मी आत गुरुचरित्राचं पारायण करायचो आणि तो बाहेर भुंकायचा. "जरा शांत बस रे," एवढंच माझं त्याच्याशी बोलणं.

गेल्या वर्षी आषाढातल्या एका गुरुवारी आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी नैवेद्याचा भात त्याला ठेवायला गेल्या. साखळीची कडी झिजलेली होती. ती तुटली आणि त्याने त्यांचा हात धरला. नऊ टाके पडले.

मी दवाखान्यात मान खाली घालून बसलो होतो. मावशी म्हणाल्या, "काका, तुम्ही कशाला रडताय? त्याला तरी कोण सोडतं हो कधी? माणूस असता तर तोही चावला असता." दवाखान्याचा खर्च आणि महिन्याचा पगार मी दिला, पण तो काही दानधर्म नव्हता. ते माझ्या नावे पडलेलं देणं होतं.

कॉलनीची बैठक झाली. लोकांचं म्हणणं रास्तच होतं. शेवटी एकाने सुचवलं, "वाडीला नेऊन सोडा. महाराज आहेत, क्षेत्र आहे, पोटाला मिळेल." आणि भक्तहो, लाज वाटते पण सांगतो, मला ते पटलं. एका पहाटे टेम्पो केला, शेरूला जाड दोरीने बांधून नृसिंहवाडीला घाटावर घेऊन गेलो. कृष्णा संथ वाहत होती. पायऱ्यांवर दोन-तीन कुत्री अंगाची वेटोळी करून निजली होती. बाजूला एक बाई लेकराला अंघोळ घालत होती. फुलं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "काका, ह्यो कुत्रा तुमचा काय?"

"नाही" हा शब्द ओठांवर आला होता. त्या लेकराकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. माझं ओझं मी कोणाच्या दारात टाकायला निघालो होतो, आणि तेही महाराजांचं नाव घेऊन! म्हणालो, "हो, माझा." पादुकांचं दर्शन बाहेरूनच घेतलं आणि त्याला परत आणलं.

महाभारतातला शेवटचा प्रवास आठवा. धर्मराजाच्या सोबत अखेरीस एक कुत्रा उरला. इंद्राने रथात बसायला सांगितलं, पण कुत्र्याला सोडून. आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग नको, असं धर्मराज म्हणाला. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता. ही कथा मी कितीतरी वेळा ऐकली होती. घाटावर ती मला पहिल्यांदा समजली.

आता मूळ प्रश्न. काही जाती धोकादायक असतात का? त्यांच्यावर बंधन असावं का?

कोणतीही जात जन्माने दुष्ट नसते. रॉटवायलर हा जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा, गुरं हाकणारा आणि खाटकांच्या गाड्या ओढणारा कष्टाळू कुत्रा. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात बैलांच्या अंगावर सोडायला आणि एकमेकांशी झुंजवायला माणसाने तयार केले. म्हणजे दोष शोधायचा तर आधी माणसात शोधावा लागेल. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासून २०२२ मध्ये सांगितलं की एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक दिसतो, त्यातला शेकडा नऊच्या आसपासच भाग जातीमुळे सांगता येतो.

पण म्हणून "प्रेम दिलं की झालं" असंही नाही. छोटं कुत्रं चावलं तर ओरखडा येतो, शेरूसारखा चावला तर हाड मोडतं, लहान मूल असेल तर जीव जातो. स्वभाव सारखा असला तरी ताकद सारखी नसते.

बँकेत छत्तीस वर्षं काढली, म्हणून त्या भाषेत सांगतो. रक्कम मोठी तसं तारण मोठं. मोठं कर्ज मागणारा लबाड असतो असं कोणी म्हणत नाही, पण खातं बुडालं तर खड्डा मोठा पडतो, म्हणून आधीच कागद पक्के करायचे. आणि जामीनदाराने सही केली की "मला काय ठाऊक" हे चालत नाही. बलवान कुत्रा पाळणारा हा त्याचा जामीनदारच असतो.

कायदाही हेच म्हणतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तिथे जातीचा प्रश्न येत नाही, शिक्षा मालकाला आहे. ते २३ जातींचं पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं. इंग्लंडमध्ये १९९१ पासून जातवार बंदी आहे, तरी २०२३ मध्ये एक्सएल बुली ही आणखी एक जात यादीत घालावी लागली. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी काही वर्षांनी उठवली. यादी करून प्रश्न संपत नाही. बंधन जरूर हवं, पण ते साखळीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे हाताला हवं.

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत सांगतात की ज्ञानी माणूस गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याकडे समदृष्टीने पाहतो. खरं आहे. पण आत्मा एक म्हणून हत्तीला गायीचं दावं पुरत नाही. रामकृष्ण परमहंसांचा दृष्टान्त आहे ना? सर्वत्र नारायण आहे असं ऐकलेला शिष्य पिसाळलेल्या हत्तीपुढून हटला नाही आणि जखमी झाला. गुरू म्हणाले, "बाबा, हत्ती नारायण होता, पण 'बाजूला हो' म्हणून ओरडणारा माहुतही नारायणच होता. त्याचं का ऐकलं नाहीस?"

महाराजांच्या कुत्र्यांना साखळी लागत नाही, कारण ते महाराज आहेत. आपण दत्त नाही. आपल्याला साखळी लागते, परवाना लागतो, आणि आपली ताकद किती हे प्रामाणिकपणे कबूल करावं लागतं.

म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून चार गोष्टी सांगतो. मुलं-नातवंडं मोठ्या जातीचं पिल्लू आणायचं म्हणतील तेव्हा विचारा, तुम्ही परगावी गेल्यावर त्याला फिरवणार कोण? आणलंच तर परवाना, लसीकरण, नसबंदी आणि शिकवण यांत कसूर नको. बाहेर नेताना मजबूत पट्टा आणि तोंडाला मुसकं हवंच, आणि लहान मुलाजवळ त्याला एकटं सोडू नये. कोणालाही कुत्रा चावला तर हळद, चुना, तिखट काही न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करा. ठरलेले सगळे डोस पुरे करा, कारण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. अंगारा जरूर लावा, पण लस घेऊन आल्यावर.

शेरूचं काय झालं, असं विचाराल. मुलाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "आणलास तू, माझ्याच्याने आवरत नाही, हे मी आधीच बोलायला हवं होतं." त्याने हैदराबादेत तळमजल्याचं अंगणवालं घर घेतलं. शिकवणारा माणूस लावला. शेरू आता रोज दोन वेळा फिरतो, मुसकं बांधून. फोनवर माझा आवाज ऐकला की कान टवकारतो म्हणे.

मावशी अजून येतात. गुरुवारी प्रसादाची वाटी हातात देताना तो व्रण दिसतो. मग देवघरात येऊन मी महाराजांच्या पायाशी पाहतो. आधी मी वरच्या तीन मुखांकडेच पाहायचो.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥