तसं काही नाही

आमच्या मागच्या दाराशी काथ्याचं एक पायपुसणं आहे. कुणी बाहेरून आलं की दोन-चारदा खसखस होते आणि माणूस आत येतो. पण रात्री दीड-दोनला कुणी अनवाणी तळवे त्यावर घासायला लागलं, की तो आवाज वेगळा येतो. जरा थांबतो, पुन्हा सुरू होतो, आधीपेक्षा जोरात. तो मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखला.

लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून सांगलीला आली होती. बत्तिसावा आठवडा चालू होता. सकाळी चहा गाळता गाळता विचारलं, तर म्हणाली, "आई, तळपाय आणि तळहात खाजतात. वरून नाही गं, आतून. खाजवून काही उपयोगच होत नाही." मी म्हटलं, "बाळाला जावळ येत असेल." खोबरेलाची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि पोळ्यांना लागले. अशा आठ रात्री गेल्या. दिवसा ती शहाबादी फरशीवर पाय टेकवून बसायची, गार लागतं म्हणून. रात्री पायपुसणं. मी एकदाही उठून दाराशी गेले नाही.

नवव्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, डॉक्टरांकडे जाऊ. बाईंनी आधी पोट पाहिलं. पोटावर ताणाचे चट्टे असतात त्यांच्यावर शेवटच्या महिन्यांत पुरळ उठतं कुणाकुणाला, पहिलटकरणींना विशेषच. आईला ते हैराण करतं, पण बाळाला त्याचा धोका नसतो. लेकीच्या अंगावर पुरळ नव्हतंच, नखांचे ओरखडे तेवढे होते. मग प्रश्न सुरू झाले. रात्री वाढते का? लघवी गडद होते का? आणि, "आईला किंवा बहिणीला दिवस गेले असताना असं झालं होतं का?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"नाही हो," मी म्हटलं, "तसं काही नाही."

बाईंनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या.

1991 साली, हीच लेक पोटात असताना, सातवा संपता संपता मला खाज सुटली. तळहात, तळपाय, मग पोटऱ्या. पुरळ नाही, गांधी नाहीत. आईने माझ्या हातावर चापट मारली, "खाजवू नकोस, डाग राहतील." सासूबाईंनी जावळाचं सांगितलं. ह्यांची झोपमोड नको म्हणून मी मागच्या दाराशी जायची. तेव्हाही तिथे काथ्याचंच पायपुसणं होतं. बाळंत झाले आणि चार दिवसांत सगळं थांबलं. वर्षाने तांबी नको म्हणून गोळ्या सुरू केल्या, तर महिन्याभरात तळवे पुन्हा खाजायला लागले. गोळ्या नाल्यात टाकल्या. हे मी कुणालाही सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा नाही. तेव्हा 'विसरले' असं म्हणायची सोय मला नाही.

मग खोटं का बोलले? पहिलं उत्तर लगेच सुचलं: लेक घाबरेल म्हणून. उत्तर चांगलं आहे. कुणी विचारलं असतं तर हेच दिलं असतं, आणि समोरच्याने मायाळू म्हणून मान डोलावली असती. पण मी 'हो' म्हटलं असतं तर ती घाबरली नसती, तिला हायसं वाटलं असतं. आईलाही झालं होतं आणि मी धडधाकट जन्मले, एवढं तिला पुरलं असतं.

खरं असं, की 'हो' म्हटलं असतं तर आठ रात्रींचा हिशेब द्यावा लागला असता. मला माहीत असून मी जावळ-जावळ करत बसले होते.

त्याच्याही खाली एक गोष्ट आहे, ती लिहायला हात जड होतो. मला तिचा राग येत होता. मी दोन महिने तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि ही आठ दिवसांत डॉक्टरांकडे निघाली. आमच्याकडे 'सोशिक' हा शब्द बाईच्या कौतुकाचा. मला तो सासरी पहिल्यांदा मिळाला तो त्याच बाळंतपणात, आणि बाकी फारसं काही मिळालं नव्हतं म्हणून मी तो जपून ठेवला. माझ्या खाजेला औषध होतं, असं आता निघालं, तर मी मिरवलं ते काय? नुसतं अज्ञानच की.

रिपोर्ट तीन दिवसांनी आला. पित्ताची आम्लं 46. बाईंनी कागदावर यकृत काढून समजावलं. गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे काहीजणींचं यकृत पित्त नीट पुढे सरकवू शकत नाही, मग ती आम्लं रक्तात साचतात आणि अंग खाजतं. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे शंभरात एखादीला होतंच. आकडा 100 च्या वर गेला तर बाळ पोटातच जाण्याचा धोका वाढतो, म्हणून रक्त पुन्हा पुन्हा तपासायचं आणि गरज पडली तर दिवस भरायच्या आधी कळा आणायच्या. खाजेसाठी गोळ्या दिल्या. "घराण्यात चालतं हे बऱ्याचदा," त्या कागद लेकीच्या हातात देताना म्हणाल्या, "पण तुमच्याकडे नाही म्हणालात." मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

आकडा 100 पर्यंत गेला नाही. अडतिसाव्या आठवड्यात कळा आणल्या, मुलगी झाली, पावणेतीन किलो. तिसऱ्या रात्री लेक गाढ झोपली होती, पाय चादरीबाहेर, हलत नव्हते. मी पाहत बसले.

माझ्या खोट्याने काही बिघडलं नाही, तपासण्या बाईंनी तशाही केल्याच असत्या. हे वाक्य मी गेल्या महिन्याभरात मनात इतक्यांदा म्हटलंय, की ते कशासाठी म्हणतेय हे मला कळून चुकलंय. आठ रात्री तशाच राहतात. त्या आठ रात्रींत आकडा कुठवर गेला असता, हे आमच्यापैकी कुणाच्याच हातात नव्हतं.

बरं, एवढं होऊन मी सुधारले म्हणावं तर तेही नाही. भर मे महिन्यात बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवलीच. तिच्या पाठीवर घामोळं उठलं, छातीखाली लालभडक झालं. "आई, खाजतंय," ती म्हणाली, आणि माझ्या तोंडून आलं, "थोडं सोसायचं असतं." शब्द बाहेर पडला आणि आम्ही दोघी गप्प झालो. तिला फक्त उकाड्याचं वाटलं असेल. मी शेगडी उचलून अंगणात नेली. नातीला डाळीचं पीठ चोळून न्हाऊ घालायचंही त्या दिवसापासून सोडलं. तिच्या मांड्यांवर आधीच रेषा उठल्या होत्या, आणि तिला तर म्हणताही येत नाही.

गुरुवारी सहा आठवड्यांची तपासणी आहे. बाई ह्या वेळी पाळणा लांबवायचं विचारणार, तांबी की गोळ्या. लेकीने मला परवाच सांगितलं, "मी गोळ्याच घेईन, तांबीची भीती वाटते." पुढच्या खेपेलाही ही खाज परत येऊ शकते हे तिला माहीत आहे, बाईंनी सांगितलंय. गोळ्यांनी मला काय झालं होतं, हे मात्र माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. आणि पाळण्यात आणखी एक मुलगी आहे.

काल रात्री फाइल काढली. पहिल्या पानावर, उजवीकडे, 'कौटुंबिक इतिहास' ह्याच्यापुढे बाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: काही नाही. चष्मा लावून मी ते दोनदा वाचलं. फाइल कपाटात ठेवली नाही, जेवणाच्या टेबलावर लेकीच्या ताटाच्या जागी ठेवली. सकाळी ती बाळाला खांद्यावर टाकून आली आणि म्हणाली, "ही इथे कशी?"

"बस जरा," मी म्हटलं.