मुठेपलीकडचं भांबुर्डे

शिवाजीनगरात फ्लॅट घेणाऱ्याच्या हाती मिळकत पत्रिका येते, तेव्हा तिच्यावर गावाचं नाव भांबुर्डा असतं. कर्जाच्या कागदांच्या घाईत तिकडे कोण बघतो! वेताळ टेकडीवरच्या वनविहाराला तेच नाव आहे आणि शिवाजीनगर स्टेशनही एकेकाळी भांबुर्डा स्टेशनच होतं.

नदीच्या अल्याड कसबा आणि पेठा, पल्याड हे गाव. एकाच खडकात कोरलेलं पाताळेश्वर आठव्या शतकातलं. म्हणजे शनिवारवाड्याचा पाया 1730 मध्ये घातला गेला, त्याच्या सुमारे हजार वर्षं आधीचं. पेशवाईपासून पुण्याचा इतिहास सुरू करणाऱ्यांनी हे अंतर एकदा पुलावरून चालून पाहावं. पुढे कृषी महाविद्यालय आलं, 1968 मध्ये बालगंधर्व रंगमंदिर उघडलं, जंगली महाराज रस्ता रुंद झाला. गावठाणाच्या गल्ल्या आणि ग्रामदैवत रोकडोबा मात्र जागच्या जागी राहिले.

शहराने गाव गिळलं, असं आपण हळहळून म्हणतो. मला ही हळहळ अर्धीच खरी वाटते. गाव गेलं म्हणजे नेमकं कुणाचं काय गेलं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव होतं, त्याची जमीन गेली. कधी कवडीमोलाने, कधी चांगल्या भावाने, पण बदल्यात काही मागायला त्याच्या हाती कागद तरी होता. बलुतेदाराचा गावावरचा हक्क होता तो खळ्यावरच्या धान्यात. तो कुठल्या दप्तरात नोंदवायचा? खळं गेलं, हक्कही गेला, आणि भरपाईच्या यादीत ते कुठेच आलं नाही. पाणवठ्यावर ज्यांना मज्जाव होता, त्यांच्या घरी तर गाव गेल्याचं सुतक कितपत पाळलं गेलं असेल, देव जाणे.

हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमीन विकून न टाकता सुमारे 400 एकर एकत्र केली आणि स्वतःच नगर वसवून त्यात भागीदार झाले. बिल्डरच्या दारात टोकन घेऊन बसण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. पण भागीदारी एकरांवर मोजली गेली. त्या रानात खुरपणीला जाणाऱ्या बाईच्या नावावर एकर नव्हता.

2017 मध्ये 11 गावं महापालिकेत आली, 2021 मध्ये आणखी 23. तेव्हापासून या गावांत वाद चालतात ते मिळकतकराचे, टँकरचे, आरक्षणाखाली गेलेल्या जमिनींचे. भूमिहीनांचा विषय त्या वादांतही सहसा निघत नाही.