एका बाईच्या दोन हकिकती

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांचा एक ठरलेला साचा असतो. बाई गेली की ती मनमिळाऊ, कष्टाळू आणि धार्मिक वृत्तीची असते. तिच्या पश्चात पती, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार असतो. मुलगा पतसंस्थेत मॅनेजर असेल तर 'यांच्या त्या मातोश्री होत' अशी एक ओळ जास्त. पुरुष जातो तो सोसायटीचा माजी चेअरमन म्हणून, तालमीचा वस्ताद म्हणून, निदान सेवानिवृत्त शिक्षक म्हणून. बाई कुणाची तरी कुणी होऊनच जाते.

इरावती कर्व्यांनी 'परिपूर्ती' या लेखात याच गोष्टीची मौज केली आहे. सभेत त्यांची ओळख करून देताना सासरे येतात, नवरा येतो, नात्यागोत्याची सगळी माळ येते. तरी बाईंना काहीतरी राहिल्यासारखं वाटत राहतं. मग रस्त्यावरची पोरं त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात आणि ती यादी पुरी होते. मानववंशशास्त्रात आयुष्य घालवलेल्या विदुषीनं स्वतःकडे टाकलेला तो तिरका कटाक्ष आहे. आपण त्यातला मिस्कीलपणा वगळला आणि मातृत्वाचा गौरव तेवढा उचलला, असं मला पुष्कळदा वाटतं.

माझी आजी पाटण तालुक्यातली. शाळा चौथीपर्यंत, अक्षर टपोरं. तिच्याकडे एक लांबट, लाल कापडी पाठीची वही होती, किराणा दुकानात उधारीला वापरतात तसली. तीत पहिल्या पानांवर आहेराचे हिशेब: कुणी पातळ दिलं, कुणी पाच रुपये, आपण उलट काय केलं. पण पुढे पुढे वहीचा रंग बदलतो. 'वरच्या आळीतली धाकटी सून, सहावा. अळीव, डिंक सांगणे.' 'सुताराकडे ताप. पेज दिली.' 'शाळेची फी, दोघींची. कुणाला बोलायचे नाही.' एका पानावर भिशीची नावं आणि एका नावापुढे फुली. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'नवरा पैसे काढून घेतो, हिचे माझ्याकडे ठेवणे'. गावातल्या बायकांची ही बँक होती आणि तिचा गोपनीयतेचा नियम आजच्या कुठल्याही बँकेपेक्षा कडक होता. मला ती वही आजी गेल्यावर पुष्कळ वर्षांनी ट्रंकेत मिळाली.

प्रेमळ होती का? होती, पण चारचौघींइतकीच. तिच्याकडे होती ती पारख. कुणाला पैसे द्यायचे आणि कुणाला धान्यच द्यायचं, कुणाकडे आपण जायचं आणि कुणाला निरोप धाडून बोलवायचं, कुठलं भांडण मिटवायचं आणि कुठलं चार दिवस धुमसू द्यायचं, हे तिला कळत होतं. सेवाभाव या शब्दात हे सगळं विरघळून जातं. गावगाडा चालवणाऱ्या पुरुषाला आपण कारभारी म्हणतो. तेच काम करणारी बाई 'सगळ्यांच्या उपयोगी पडणारी' असते.

11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं, तालुक्यातल्या मातीच्या भिंती जागोजाग बसल्या. लोक नंतर कितीतरी दिवस थंडीत बाहेरच निजत होते, कारण धक्के थांबत नव्हते. आजीनं देवळासमोरच्या पटांगणात चूल मांडली. प्रत्येक घरातून वाचलेलं धान्य आणायचं, लपवायचं नाही. दूध आधी अंगावरच्या मुलांच्या आयांना, मग पोरांना, पुरुषांना कोरा चहा. एका मोठ्या घरच्या माणसानं कुरकुर केली, तेव्हा त्याच्या हातात तिनं रांजण दिला आणि पाणी भरायला पाठवलं, ही गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात.

त्याच गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगतात. त्या पटांगणात पहिल्यांदा सगळ्या वस्त्यांची पंगत एकत्र बसली. पंधरवडा गेला, घरांवर पत्रे चढले आणि पंगती पुन्हा पूर्वीसारख्या वेगळ्या झाल्या. आजीच्या दारातही. गावकुसाबाहेरच्या बाळंतिणीला ती लाडू पाठवायची, पण ते ओसरीच्या कडेवरून वरून हातात टाकले जायचे. तिच्या गावाला कुंपण होतं आणि ते तिनं कधी ओलांडलं नाही. हे लिहिताना जड जातं, तरी वगळलं तर जे उरेल त्याला देव्हाऱ्यातली मूर्ती म्हणता येईल, आजी म्हणता येणार नाही.

आणि मग वडिलांची हकिकत. नातवंडांना आजी म्हणजे मऊ मांडी, दशम्या, दुपारच्या गोष्टी. वडिलांना आई म्हणजे बंद दार. शाळेतून यावं तर ती कुणाच्या तरी बाळंतपणाला गेलेली. तापात कपाळावर हात शेजारच्या काकूंचा. 'आई सगळ्या गावाची होती, आमच्या वाट्याला उरलीसुरली आली,' हे वाक्य त्यांनी तेराव्याला आलेल्या माणसांसमोर म्हटलं. कुणाला आवडलं नाही. मला तेव्हा ते कृतघ्न वाटलं. आता वाटतं, त्या दिवशी तिच्याविषयी खरं बोलणारा तो एकच माणूस होता. समाजासाठी दिलेला वेळ कुणाच्या तरी खिशातून जातो, आणि बहुतेक वेळा तो घरातल्या लहानांच्या.

हा हिशेब मोठ्या घरांनाही चुकलेला नाही. धोंडो केशव कर्व्यांच्या बायकोकडे पाहा. गोदूबाई जोशी, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. 1893 मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या, सगळ्यांच्या बाया. कर्व्यांच्या गावानं, मुरुडनं, दांपत्यावर बहिष्कार घातला. 1896 मध्ये कर्व्यांनी, म्हणजे अण्णांनी, विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. आणि ज्या पुनर्विवाहामुळे अण्णा सुधारक ठरले होते त्याच पुनर्विवाहामुळे बायांना आश्रमापासून दूर राहावं लागलं, नाहीतर देणगीदार बिचकले असते. धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी पार अमेरिकेपर्यंत वर्गणी मागत गेली. बाया नागपूरला जाऊन सुईणपणाचं काम शिकल्या, घरात परक्यांची मुलं ठेवून संसार ओढला, संस्थेसाठी निधीही जमवला. अण्णांनी आपली विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकली तेव्हा त्या संतापल्या, आणि त्यांचा संताप रास्त होता. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मकथन मला म्हणूनच आवडतं, त्यात कौतुकाबरोबर कुरकुरही आहे. त्यांच्या सुनेनं, म्हणजे याच इरावतीबाईंनी, सासऱ्यांवर लिहिताना अशा माणसाची सून असल्याचा अभिमान आणि त्यांची बायको नसल्याचं समाधान एकाच दमात नोंदवलं आहे. बायांवरची याहून नेमकी श्रद्धांजली मला माहीत नाही, आणि तीत बायांचं नावही नाही.

आणखी एक घर कवी नारायण वामन टिळकांचं. मुलाला, देवदत्ताला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईकडे आठवणी मागितल्या. आईनं सांगायला घेतलं आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं, वडिलांपेक्षा आईचंच. पुढे नातवानं, अशोक टिळकांनी, त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. तीन पिढ्या एका बाईच्या शब्दांभोवती खपल्या, तेव्हा आपल्याला कवीची पत्नी न मिळता लक्ष्मीबाई मिळाल्या: सोवळ्याशी झगडलेल्या, नवऱ्यावर चिडणाऱ्या, स्वतःच्या फजितीवर हसणाऱ्या.

सगळ्यांच्या आया लक्ष्मीबाई नसतात. पण आहेराच्या वह्या, भिशीच्या याद्या, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेली दुधाची आणि बाळंतपणांची टिपणं बहुतेक घरांत असतात, आणि माणूस गेल्यावर पहिल्याच साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. माझ्या वहीतल्या निम्म्या नावांचा मला आज पत्ता लागत नाही. 'सुताराकडे' म्हणजे कुणाकडे हे सांगू शकणारी शेवटची आत्याही गेली. तेव्हा तुमच्या घरी अशी एखादी वही असेल आणि तीतली माणसं ओळखणारं कुणी हयात असेल, तर या आठवड्यातच त्यांच्याजवळ बसा आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं लिहून घ्या. आणि वहीच्या पहिल्या पानावर जिची ती वही आहे तिचं नाव घाला, माहेरच्या नावासकट.