मुक्यांची ओळख

माणसांत दोन जाती असतात. एक, विचारण्याआधी ओळख सांगणारी आणि दुसरी, विचारूनही न सांगणारी. लग्नाच्या पंगतीत पहिल्या जातीचा गृहस्थ वरणभात येण्यापूर्वीच आपलं गाव, हुद्दा, मुलीचे मार्क आणि स्वतःचं ब्लडप्रेशर सांगून मोकळा होतो. दुसऱ्या जातीचा मठ्ठा संपला तरी वराकडचा की वधूकडचा, हेही कळू देत नाही.

संगणकाच्या पोटातही हीच विभागणी आहे, असं माझा भाचा सांगतो. तो कर्नलवर काम करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा; एकत्र कुटुंबातली आजीच म्हणा ना. कुणाला काय, केव्हा आणि किती द्यायचं, ते तिच्या हाती. तिला उपकरणांपर्यंत नेणाऱ्या सामाईक तारांना 'बस' म्हणतात. (मी आधी थांबा कुठे, ते विचारलं.) यूएसबीवरून येणारा पाहुणा पहिल्या जातीचा. दारातच कंपनी, नंबर आणि किती वीज खाणार, ते सांगतो. पण फिलिप्सने १९८२ साली काढलेली आय-टू-सी नावाची दोन तारांची बस आहे, तिच्यावरची मंडळी घुमी. दारावर नंबर आहे, पाटी नाही. हाकेला 'ओ' देतील, नाव सांगणार नाहीत. ६८ नंबरच्या खोलीत एका यंत्रात घड्याळ राहतं, तर दुसऱ्यात यंत्र किती कललंय ते सांगणारा सेन्सर.

मग दार ठोठावून विचारावं? तेही धोक्याचं. या शतकाच्या सुरुवातीला थिंकपॅडच्या काही मॉडेलांत सेन्सर शोधणाऱ्या एका प्रोग्रॅमने नुसतं 'कोण आहे?' विचारलं, तर आतल्या एका चिपमधला मजकूर बिघडून लॅपटॉपच सुरू होईना. काही माणसांचंही असंच असतं.

तेव्हा उपाय एकच. माहितगाराने लिहून द्यायचं. पूर्वी एआरएम चिपच्या प्रत्येक बोर्डाचं हे वर्णन कर्नलमध्येच कोंबत. तो पसारा इतका वाढला, की २०११ साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे उखडले. मग ती वर्णनं 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या कागदावर गेली. ही उपकरणांची वंशावळ. कुठल्या बसच्या पोटी कोण, कितव्या नंबरला. 'कंपॅटिबल' या ओळीत आधी नेमकं नाव, मग 'नाहीतर अमक्यासारखा समजा'. 'स्टेटस'मध्ये 'ओके' किंवा 'डिसेबल्ड'. काम नसलं तरी नाव वंशावळीतून उडवत नाहीत. आणि मुख्य नियम असा : वस्तू काय आहे ते लिहावं, आपल्याला तिच्याकडून काय हवं ते नव्हे.

हा नियम मला इस्पितळात पटला. आमच्या दादाकाकांची पक्षाघाताने वाचा गेली. फॉर्म सुनेने भरला. 'व्यवसाय : काही नाही.' स्वभावाचा रकाना नव्हता, तरी समासात 'हट्टी'. काकांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेले. उलटी अक्षरं ते सुलट्यापेक्षा झरझर वाचत. नर्स वर्तमानपत्र देई, काका ते उलटं धरत. ती सुलटं करी, ते पुन्हा उलटं. दोन दिवस हा सामना रंगला. तिसऱ्या दिवशी केसपेपरवर शेरा पडला : 'भ्रम'.

काकू गावाहून आल्या. त्यांनी 'काही नाही' खोडून 'कंपॉझिटर' लिहिलं आणि नर्सला पेपर का उलटा, ते समजावलं. शेरा निघाला.

सून खोटं बोलली नव्हती. घरात सध्या काकांचा उपयोग काय, याचं ते चोख उत्तर होतं. पण प्रश्न तो नव्हता. बोलणाऱ्याबद्दल चुकीचं लिहिलं तर तो भांडतो तरी. मुक्याबद्दल जे लिहाल, तेवढाच तो उरतो. घड्याळाच्या खोलीवर सेन्सरची पाटी लावली, तर त्या बिचाऱ्याला जन्मभर कोणी वेळ विचारायचं नाही.

भाचा म्हणाला, "मामा, पूर्ण वर्णन कुणाचंच होत नाही. वाचणाऱ्याच्या कामापुरतंच लिहायचं. फक्त ते त्या वस्तूबद्दल असावं, आपल्याबद्दल नव्हे."

पोरगा बोलतो तसा वागतोही. परवा त्याने साहेबांशी माझी ओळख करून दिली, "हे आमचे मामा. मॉडेल जुनं आहे, पण चालू आहे."

नाव आणि स्टेटस, दोन्ही बिनचूक.