जेवणाची वेळ कोणी ठरवावी?

प्रश्न क्षुल्लक वाटावा असा आहे, आणि तो आमच्यापुढे आला तोही एका सुखासीन प्रसंगी. त्यामुळे या पत्रिकेच्या वाचकांपुढे तो मांडावा की नाही, असा संकोच काही काळ वाटला. परंतु त्याचा विचार करू लागलो तसे आमच्या कुटुंबाच्या तीन पिढ्यांचे वर्तन त्यात गुंतलेले दिसले. म्हणून हे चार शब्द.

२०२३ च्या जून महिन्यात आमच्या चिरंजीवांनी आम्हा उभयतांना, आमच्या थोरल्या वहिनींना आणि नातवंडांना अमेरिकेतील सिअ‍ॅटल बंदरातून अलास्काच्या सात रात्रींच्या जलप्रवासास नेले. तिकिटे काढतानाच एक निवड करावी लागली. रात्रीच्या भोजनाची वेळ ठरलेली हवी की मोकळी? ठरलेली म्हणजे रोज एकाच घटकेला, एकाच टेबलाशी, त्याच वाढप्यांच्या हातून जेवणे; सहाच्या सुमारास पहिली पंगत, आठच्या सुमारास दुसरी. मोकळी म्हणजे भोजनगृह उघडे असेल तोवर मनाला येईल तेव्हा जावे आणि मिळेल त्या टेबलाशी बसावे. चिरंजीवांनी मोकळी वेळ निवडली. "उगाच कोणाला बांधून कशाला ठेवायचं, बाबा?" असे ते म्हणाले, आणि आम्हालाही त्यात औदार्यच दिसले.

या दोन्ही पद्धतींचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. जहाजावरील ठरलेली वेळ मुख्यतः जागेच्या टंचाईतून आली. सर्व उतारू एका वेळी भोजनगृहात मावत नसत, म्हणून पंगती पाडाव्या लागत. बिगुल वाजला की जेवायला जायचे. या शिस्तीतून सुटका प्रथम मिळाली ती पैसेवाल्यांना. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर सेझार रिट्झ यांच्या नावाचे, वेगळे दाम मोजून जेवण्याचे उपाहारगृह निघाले. १९१२ च्या ‘टायटॅनिक’वरही प्रथम वर्गासाठी तशी सोय होती. स्वतःच्या वेळेने जेवणे हा त्या काळी श्रीमंतांतील श्रीमंतांचा अधिकार होता. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने ठरलेल्या वेळेचे आणि ठरलेल्या टेबलाचे बंधनच काढून टाकण्याची पद्धत सुरू केली आणि तो अधिकार सामान्य उतारूच्या हाती आला. पुढे इतर अनेक कंपन्यांनी दोन्ही पर्याय खुले ठेवले. इतिहासाचा ओघ असा स्वातंत्र्याकडे वाहत असताना आम्ही उलट दिशेने का पोहावे?

पहिल्या दोन रात्री आम्ही त्या स्वातंत्र्याचा यथेच्छ उपभोग घेतला. आम्हा उभयतांना मधुमेहाची औषधे असल्यामुळे आम्ही सहालाच जेवून घेत असू. चिरंजीव आणि सूनबाई रंगमंचावरील कार्यक्रम पाहून नऊला जात. नातवंडे वरच्या मजल्यावर हवे तेव्हा हवे ते खात. कोणाची कोणाला अडचण नव्हती.

तिसऱ्या दिवशी जहाज जुनो बंदरात लागले होते. संध्याकाळी सहज म्हणून आम्ही वहिनींच्या खोलीत डोकावलो. खिडकीपाशी बसून त्या डब्यातला डिंकाचा लाडू खात होत्या. वहिनींचे वय अठ्ठ्याहत्तर; दादा जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. जेवायला कोणाबरोबर जाता, असे विचारले तेव्हा त्या किंचित ओशाळल्या. म्हणाल्या, "भावोजी, हाक कोणी मारली नाही. बाहेर उजेडही होता. म्हटलं, अजून वेळ झाली नसेल."

त्या दिवसांत जुनोला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. दोन रात्री वहिनी हाकेची वाट पाहत लाडवांवर राहिल्या होत्या. आम्हाला वाटले, त्या मुलांबरोबर जेवल्या. मुलांना वाटले, आमच्याबरोबर. त्यांच्याच खोलीत राहणाऱ्या नातीला वाटले, आजी केव्हाच जेवून आली. आमच्यापैकी कोणी खोटे बोलले नव्हते, कोणी कर्तव्य टाळले नव्हते; कारण कर्तव्य कोणाकडे सोपवलेलेच नव्हते. सर्वांना मोकळीक देण्याच्या भरात, कोणी आले नाही तर ते ध्यानात यावे अशी एकही घटका आम्ही दिवसात शिल्लक ठेवली नव्हती.

ठरलेल्या वेळेचे पहिले मोल हे, की तिच्यामुळे रिकामी खुर्ची दिसते. गीतेच्या सहाव्या अध्यायात युक्त आहाराचा उपदेश आहे; पण तो साधकाच्या स्वतःच्या नियमनासाठी. आमचा प्रश्न परस्परांचा होता. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट हा घड्याळाच्या काट्यावर जगणारा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने १७९८ च्या आपल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात, विचारवंताने एकट्याने जेवू नये, असे मत मांडले आहे, आणि पाहुण्यांची संख्या तिघांहून कमी व नवांहून अधिक नसावी, असेही सांगितले आहे. कर्तव्यबुद्धीचा एवढा मोठा मीमांसक पाहुणे मोजत बसतो, याचे आम्हाला पूर्वी हसू येई. आता येत नाही.

इथवर आल्यावर, ‘आपली जुनी पद्धतच बरी’ असे म्हणून लेखणी ठेवणे सोपे होते. आमच्यासारख्या, होळकरशाहीपासून इंदुरात राहिलेल्या घराण्यांना तर तो निष्कर्ष विशेष सुखावतो. वाड्यात रात्री आठच्या ठोक्याला पाने मांडली जात; आजोबांनी चित्राहुती घातल्याखेरीज कोणी घासाला हात लावत नसे. ती पंगत आठवली की आजही आमचा ऊर भरून येतो. पण कोणाची पंगत? आठला पुरुष बसत, त्यांच्यामागून मुले. बायका बसत तेव्हा दहा वाजून गेलेले असत. भात निवालेला, आमटी तळाशी गेलेली. आठाची वेळ पाळली जाई ती, जिला आठला बसायचे नव्हते अशा माणसांच्या श्रमांवर. वहिनी त्या घरात एकोणिसाव्या वर्षी आल्या. हाक आल्यावर जेवायचे, आणि हाक सर्वांत शेवटी येते, हे त्यांना कोणी जहाजावर शिकवले नाही. ते आम्हीच शिकवले होते.

ठरलेल्या वेळेने त्यांना जन्मभर शेवटी बसवले आणि मोकळ्या वेळेने त्यांना मुळीच बसवले नाही. दोन्ही व्यवस्था आमच्या सोयीच्या होत्या, इतकेच त्यांच्यातले साम्य.

या विचारात असतानाच भोजनगृहातील एका वाढप्याशी आमचे बोलणे झाले. तो गोव्याचा, सासष्टीचा. गोव्यातून पिढ्यानपिढ्या तरुण तारवांवर जात आले आहेत. त्याचे वडीलही तारवटी होते. तो कोंकणीत बोले, आम्ही मराठीत, आणि दोघांचेही अडत नसे. तुम्हाला कोणती पद्धत सोयीची, असे विचारल्यावर तो हसला. ठरलेल्या पंगतीत दुसऱ्या दिवशी माणसाचे नाव कळते आणि तिसऱ्या दिवशी त्याला काय पचत नाही ते कळते, असे त्याने सांगितले. मोकळ्या वेळेत फक्त टेबल रिकामे झाले की नाही, एवढेच कळते. सागरी कामगारांसाठी २००६ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलात आहे. चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळावी, असे त्यात म्हटले आहे. ती विश्रांती दोन तुकड्यांत विभागून देण्याचीही मुभा आहे. आमची ‘मोकळी’ वेळ कोणाच्या तरी बांधलेल्या वेळेवर उभी होती, हे त्याच्याशी बोलेपर्यंत आमच्या मनातही आले नव्हते.

तेव्हा वेळ ठरलेली असावी की मोकळी, हा प्रश्न आम्हाला आता अपुरा वाटतो. त्याच्याआधी विचारायचा प्रश्न असा, की या व्यवस्थेत वाट कोण पाहते? ज्या घरात वाट पाहण्याचे काम नेहमी एकाच माणसाकडे असते, तिथली शिस्तही अन्याय्य आणि मोकळीकही अन्याय्य. ज्या घरात ते काम आळीपाळीने वाटले जाते, तिथे वेळ घड्याळाने ठरली काय किंवा बोलून ठरली काय, फारसा फरक पडत नाही. हे वाटून घ्यायचे तर प्रत्येकाने आपल्या सोयीतले थोडे सोडावे लागते. आम्हाला औषधाच्या वेळा पुढे ढकलता येत नव्हत्या, पण सहाला थोडे खाऊन पुढे सर्वांबरोबर बसता येत होते. चिरंजीवांना कार्यक्रमाचा दुसरा प्रयोग पाहता येत होता. नातवंडांनी मात्र थोडी कुरकुर केली, आणि ती रास्त होती.

त्या तिसऱ्या संध्याकाळी सर्वांना एकत्र बसवून आम्ही वहिनींनाच विचारले, की उरलेल्या रात्री किती वाजता जेवायचे ते तुम्ही सांगा. लग्नानंतरच्या एकोणसाठ वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सूनबाईंना त्यांनी विचारले, "ते भोजनगृह उघडतं किती वाजता गं?"

सूनबाईंनी वेळ सांगितली.

"मग तेव्हाच जाऊ या," वहिनी म्हणाल्या. "एकदा पहिल्या वाफेचं जेवून बघायचंय."