रक्त नंदुरबारचं, गुण कोणाचे?

पावसाळा सरता सरता मराठी दैनिकांच्या जिल्हा पानांवर हल्ली एक बातमी ठरलेली असते. अमुक महाविद्यालयातले तमुक सर जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर सरांपेक्षा संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो मोठा. फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी कोणालाही विचारून पाहा, सरांनी शोधलं काय? उत्तर येत नाही. आकडे मात्र तोंडपाठ असतात: पेपर इतके, सायटेशन म्हणजे उद्धरणं इतकी, एच-इंडेक्स इतका.

गंमत अशी, की ही यादी काढणाऱ्यांनाच आकड्यांचा संशय होता. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ती पहिल्यांदा प्रसिद्ध केली. स्वतःचेच निबंध पुन्हा पुन्हा उद्धृत करून आकडा कोण वाढवतो, हे उघड व्हावं हा तिच्यामागचा एक हेतू होता. त्या वेळी 'नेचर'ने जी उदाहरणं छापली त्यात चेन्नईचा एक संशोधक होता. त्याच्या उद्धरणांपैकी ९४ टक्के त्याची स्वतःची किंवा सहलेखकांची होती. आपण त्या सगळ्यातून फ्लेक्सपुरता मजकूर उचलला आणि बाकीचा सोडून दिला.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला. दहा निबंध प्रत्येकी निदान दहा वेळा उद्धृत झाले, की इंडेक्स दहा. कोणी कशासाठी उद्धृत केलं, कौतुकाने, खोडून काढायला की मैत्रीखातर, हे त्यातून कळत नाही. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या विद्यार्थ्याला लॉरीची पद्धत माहीत असते: प्रथिनाच्या द्रावणात रसायनं घालायची, निळा रंग किती गडद झाला त्यावरून प्रथिन मोजायचं. ऑलिव्हर लॉरी यांचा १९५१ चा तो निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला. २०१४ मधल्या मोजणीत तो जगात पहिला होता. हा काही आपला थोर निबंध नव्हे, हे लॉरी यांनी स्वतःच मान्य केलं होतं. पद्धत सगळ्यांना लागत होती, म्हणून नाव येत गेलं. उलट कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी पटकी होते ती जंतूंनी सोडलेल्या विषामुळे, हे १९५९ साली दाखवून दिलं. १९८५ मध्ये ते गेले तोवर त्यांच्या देशात त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं. त्यांच्याकडे झालेल्या या दुर्लक्षाबद्दल पुढच्या वर्षी लिहिलं ते यूजीन गारफिल्ड यांनी, म्हणजे १९६४ मध्ये सायटेशनची पहिली मोठी सूची काढणाऱ्या माणसानेच. ती सूची मुळात एका निबंधावरून दुसरा शोधता यावा म्हणून होती, माणसांना क्रमांक लावायला नव्हे.

हे सगळं नंदुरबारच्या वाचकाला का सांगायचं? कारण या आकड्यांसाठी लागणारा कच्चा माल बराचसा त्याच्या गावातून जातो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दहांतली जवळजवळ सात माणसं आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, कोकणी, मावची. आणि इथल्या रक्तात सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच फरक. त्या एका बदलाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडतं. १९४९ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी याला रेणूचा आजार म्हटलं, काही वर्षांनी व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकं बदललेलं अमिनो आम्ल पकडलं. रेणवीय जीवशास्त्राचा वैद्यकाशी पहिला मोठा परिचय झाला तो याच आजारातून. जिल्ह्यातल्या ज्या धडगाव-अक्कलकुव्याला आपण मागास म्हणून मोकळे होतो, तिथल्या माणसांच्या रक्तात या शास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला पहिला धडा आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नामागे वर्षानुवर्षं लागलेलं एक नाव म्हणजे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. श. ल. काटे. त्यांनी आणि डी. पी. लिंगोजवार यांनी २००२ मध्ये राज्यातल्या सिकलसेलचा आढावा प्रसिद्ध केला. भिल्ल, माडिया, पावरा, परधान अशा जमातींत वाहकांचं, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्यांचं, प्रमाण २० ते ३५ टक्के असल्याची नोंद त्यात आहे, आणि पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज दिलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली, चंद्रपूर यांच्याबरोबर नंदुरबारही आहे. हा निबंध छापला गेला तो कुठल्या बड्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या, म्हणजे ज्यातल्या निबंधांना सरासरी भरपूर सायटेशन मिळतात अशा, नियतकालिकात नव्हे. पण आरोग्य खात्याच्या माणसाला कुठल्या जिल्ह्यात जायचं हे त्यातून कळतं. पदोन्नतीच्या फाइलीत असल्या कामाला किती गुण बसतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता दुसरी बाजू. रक्त तपासलं, नमुन्यांची संख्या भरली, तक्ता झाला, निबंध छापून आला. ज्या मुलीच्या दंडातून सुई गेली, तिला आपण वाहक आहोत हे कोणी सांगितलं का? दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे ही माहिती लग्नाच्या बोलणीआधी घरात पोचायला हवी. वाहकाला पिवळं कार्ड, रुग्णाला लाल, ही पद्धत सरकारी तपासणीत आहे. प्रबंधासाठी घेतलेल्या रक्ताचं कार्ड कोण देणार? सायटेशन मोजणाऱ्या कुठल्याही यंत्रात या प्रश्नाला रकाना नाही.

परदेशात अशा वागण्याची किंमत मोजावी लागली आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई जमातीने मधुमेहाच्या अभ्यासासाठी ॲरिझोना स्टेट विद्यापीठाला रक्त दिलं. त्याच रक्तावर त्यांना न विचारता भलतेच अभ्यास झाले, निबंध आणि प्रबंध निघाले. जमात कोर्टात गेली. २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि रक्ताचे नमुने परत केले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची नीतितत्त्वं आहेत. अभ्यासाचा लाभ समाजापर्यंत पोचवा असं त्यांत स्पष्ट आहे. पण धडगावच्या पाड्यावरचा माणूस कोणत्या कोर्टात जाणार? त्याला तर आपल्या रक्ताचा निबंध झाला हेच ठाऊक नसतं.

रक्ताचं तेच झाडपाल्याचं. सातपुड्यातली वनस्पती आणायची, अर्क काढायचा, पेट्रीडिशमधल्या जंतूंवर टाकायचा, भोवतालचं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. असे निबंध ढिगाने निघतात. झाड दाखवणारा, ते कशावर देतात हे सांगणारा भगत त्यात 'स्थानिक माहितगार' होतो. लेखकांची नावं सहा असतात, त्याचं एकही नसतं. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, लाभाची वाटणी त्यात लिहिलेली आहे. आणि याच मुलखातली झाडं एकेक पारखून प्रा. डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींचा जो ग्रंथ सिद्ध केला, तसलं काम एच-इंडेक्सच्या तराजूत हलकंच भरतं. नंतरचे निबंधकार मात्र झाडाचं नाव ठरवायला असल्याच ग्रंथांचा आधार घेतात.

एक आक्षेप मला मान्य आहे. प्रत्येक संशोधनाचा उद्याच उपयोग दाखवा, असा हट्ट धरला तर विज्ञानच थांबेल. पॉलिंग यांच्या निबंधाने त्या वर्षी एकही रोगी बरा झाला नाही. माझं म्हणणं तसं नाही. रेणूची रचना काढणाऱ्याने खुशाल रचना काढावी, तो कोणाचं देणं लागत नाही. पण माणसांचं रक्त, त्यांचं रान, त्यांचं ज्ञान घेऊन जो निबंध लिहितो, तो त्यांचा ऋणी आहे. शंभर सायटेशननी ते ऋण फिटत नाही. ते कसं फेडावं, हे बायोकेमिस्ट कमला सोहोनी यांच्याकडून शिकावं. त्या केंब्रिजहून वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सी या प्रथिनावर पीएच.डी. करून आल्या. त्यांचा प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता असं सांगतात. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेतली पोषकद्रव्यं तपासली. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग होतो हे दाखवलं. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो या कामाला.

प्राध्यापकाला एकट्याला झोडपून मात्र चालणार नाही. तासिका, परीक्षा, नॅक मूल्यांकनाच्या फायली, प्रयोगशाळेत एक जुनं स्पेक्ट्रोफोटोमीटर, आणि समोर घराण्यातली पहिलीच पदवी घ्यायला आलेली मुलं. अशा माणसाला २०१० पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचे, गुण लावले: इतके पेपर, तर पदोन्नती. मग पेपर विकणारी दुकानं निघाली नसती तरच नवल. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने दगडफुलातल्या रेणूने कर्करोग आवरतो असा मुद्दाम चुका पेरलेला खोटा निबंध ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी स्वीकारला. भारतातल्या ६४ नियतकालिकांनी स्वीकारला, १५ नी नाकारला. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही सापडाव्यात अशा त्या चुका होत्या. २०१८ मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. सुचवणारी आपलीच विद्यापीठं होती. त्या वर्षी यूजीसीने चार हजारांवर नियतकालिकं यादीतून काढली. मग मान्य नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद करून निबंधाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली गेली. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती तर २०२२ मध्येच उठली आहे.

म्हणजे 'वरून तसा नियम आहे' ही सबब आता पूर्वीइतकी चालणार नाही. पेपर मोजायचे की वाचायचे, हे नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरच्या संस्थाचालकांनी आणि जळगावच्या विद्यापीठाने ठरवायचं आहे. इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका, असं जाहीरनाम्याने सांगणारे लोक २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमले, ते पेशीशास्त्रज्ञांच्याच संमेलनाच्या निमित्ताने. ज्यांच्या शास्त्रात हे आकडे सर्वांत जोरात चालतात त्यांनाच त्यांचा वीट आला.

तेव्हा निवड समितीवर बसणाऱ्यांनो, उमेदवाराकडून पन्नास पेपरांचा गठ्ठा घेऊ नका. त्याचे तीन निबंध मागा, वाचून या, आणि त्यांवर तासभर बोला. नमुने कुठून घेतले आणि निकाल कोणाला सांगितला, हे विचारा. मार्गदर्शकांनो, ज्या पाड्यातून रक्त किंवा पाला आणला तिथे जाऊन पावरीत, भिलीत निष्कर्ष सांगितल्याची नोंद असल्याशिवाय प्रबंधावर सही करू नका. आणि पाड्यावरच्या सरपंचांनो, आशाताईंनो, पांढरा कोट घालून कोणी नळी घेऊन आला तर आधी विचारा: अहवाल कधी देणार? तारीख लिहून घ्या. ती तारीख पाळली गेली नाही, तर पुढच्या माणसाला सुई टोचू देऊ नका.