फितीपासून पुढे

आम्ही पादऱ्याला राहतो असं सांगितलं की नगरकडचे नातेवाईक हमखास विचारतात, "कुठल्या पाद्र्याकडे?" ख्रिस्ती कुटुंबाने राहायला नेमकं हेच गाव शोधावं, याची त्यांना मोठी गंमत वाटते. पादरा हे वडोदऱ्याजवळचं, मही नदीच्या अलीकडचं तालुक्याचं गाव. बाजार गुजराती, शाळा गुजराती, शेजार गुजराती. मराठी उरली ती स्वयंपाकघरात आणि रात्रीच्या उपासनेत. आमच्या मुलांनी मराठी अक्षरं गिरवली ती पवित्र शास्त्रावर. म्हणून त्यांच्या बोलण्यात अजूनही मधूनच एखादं 'खचित' डोकावतं.

जेवणं आटोपली की आई फीत घातलेलं पान उघडायची आणि तिथून पुढचा अध्याय वाचायची. आवडता नाही, प्रसंगाला साजेसा नाही, फक्त पुढचा. "आज एखादं स्तोत्र वाच ना," म्हटलं तर म्हणायची, "येईल तेव्हा येईल." त्या काळी पादऱ्यावरून जंबुसरला नॅरोगेज गाडी जायची, प्रत्येक स्टेशनावर थांबत. आईचं वाचन त्या गाडीसारखं. कुणी चढो न चढो, गाडी थांबणारच.

रोजच्या शास्त्रपाठाने मनाला शांती लाभते, दिवसाला वळण लागतं, असं उपदेशांतून ऐकत आलो. असेलही. पण चाळीस वर्षं नेमाने शास्त्र वाचून सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात भांडणारी माणसंही पाहिली आहेत. त्यामुळे वाचनाने माणूस आपोआप सुधारतो, यावर माझा फारसा विश्वास नाही. ओळीने वाचण्याचं मोल मला दुसऱ्याच गोष्टीत दिसतं: आज काय ऐकायचं, हे मी ठरवत नाही.

हल्ली सकाळी मोबाइलवर वचन येतं. मागे सूर्योदय, पुढे फुलं, मधे आशीर्वाद. शेतमजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, ही लेवीयातली आज्ञा फुलांच्या चौकटीत घालून अजून कुणी मला पाठवलेली नाही. निवडलेलं वचन गोडच असतं, कारण निवडणारा हात आपलाच असतो किंवा आपल्याला न दुखावणाऱ्याचा.

या निवडीत सत्ताही असते. 1807 साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी एक निवडक बायबल छापलं गेलं. त्यात योसेफाची गोष्ट ठेवली होती. मोशे लोकांना मिसरच्या दास्यातून बाहेर काढतो, तो भाग मात्र गाळला होता. गुलामाने कुठल्या स्टेशनावर उतरायचं नाही, हे छापणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. खुद्द शास्त्रातही असा एक वाचक आहे. यिर्मयाची गुंडाळी वाचली जात असताना यहोयाकीम राजा तीनचार रकाने झाले की तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकत होता. पुढे यिर्मयाचा लेखनिक बारूख याने ती सगळी गुंडाळी पुन्हा लिहून काढली आणि तिच्यात आणखी भर पडली. नको ते पान मुकाट्याने उलटताना मला ती शेगडी आठवते.

पान न गाळता वाचणारेही झाले. 1893 मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. टिळकांनी ते पाळलं. मत्तयाच्या आरंभी भेटते ती बेचाळीस पिढ्यांची वंशावळ. कवी माणूस तिथेच कंटाळला असता तर नवल नव्हतं. पण वाचत वाचत ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचले आणि मग पुस्तक सुटेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची कहाणी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे मराठी वाचकाला घरची आहे.

पण ओळीने वाचणाऱ्यांत मला सगळ्यांत मोठ्या वाटतात त्या पंडिता रमाबाई. भाषांतर करणाऱ्याला एकही ओळ ओलांडता येत नाही. प्रचलित मराठी भाषांतर त्यांना फार पंडिती वाटे. साध्या बाईला ते कळणार कसं, ही त्यांची तक्रार. म्हणून संस्कृतात शास्त्रपारंगत असलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली. केडगावच्या मुक्ती मिशनात छापखाना होता आणि खिळे जुळवायला तिथल्याच बाया. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, त्याआधी काम पुरं झालं होतं. ग्रंथ 1924 मध्ये निघाला. 1900 च्या दुष्काळात, आमच्याकडे ज्याला छप्पनियो म्हणतात, त्यांनी गुजरातमधल्या मुलीही केडगावला नेल्या होत्या. त्या मुलींच्या कानावर रोज मराठी वचन पडत असणार. पादऱ्यात बसून मराठी शास्त्र वाचताना मला त्या मुली दूरच्या वाटत नाहीत. इकडे बडोद्याच्या महाराज सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. पादरा त्यांच्याच राज्यात. वाचता येणं हे आधी कुणीतरी घडवून आणावं लागतं, हे नेमाचे गोडवे गाताना आपण विसरतो.

कॅथलिकांना मिस्सेतले पाठ ठरवून दिलेले असतात: रविवारचे तीन वर्षांच्या फेऱ्यात, इतर दिवसांचे दोन. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे 1,189 अध्याय. रोज सव्वातीन पडले तर वर्षात संपतात. आईच्या रोज एका अध्यायाने सव्वातीन वर्षं लागायची. तिला घाई नव्हती. शास्तेमधला एकोणिसावा अध्याय, त्यातली एका बाईची विटंबना, तिने वाचला आणि त्या रात्री प्रार्थनेऐवजी नुसती गप्प बसली. त्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण पान उलटून गेलो असतो तर ती शांतता आमच्या घराला मिळाली नसती.

आता वाचन मुलीकडे आहे. या पावसाळ्यात उत्तरेच्या भिंतीला ओल आली आणि हिरवट चट्टे उठले. फीत होती लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर याजकाने येऊन पाहावं, सात दिवस घर बंद ठेवावं, बाधलेले दगड काढून गावाबाहेर टाकावेत, भिंत खरवडून नवा गिलावा करावा. मुलीने वाचता वाचता मान वर करून भिंतीकडे पाहिलं.

"बाबा, गवंडी कधी येणार?"

"सोमवारी."

"आणि याजक?"

सगळे हसलो. तिने फीत पुढे सरकवली. पंधरावा अध्याय चारचौघांत मोठ्याने वाचायला अवघड आहे. आई तोही वाचायची.